फोनबिलाच्या वसुलीचा दावा आला, तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) कशी द्यावी

आधी हातातला कागद कसला आहे ते पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे थकीत फोनबिलासाठी लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीसही येते. तेव्हा दावा लागलेला नसतो आणि तडजोड तुमच्या मर्जीवर असते. मात्र ‘अर्ध्यात मिटवू’ म्हणत सही केली, की त्या निवाड्यावर अपील नाही.

समन्स असेल तर त्यावर दावा क्रमांक, तारीख आणि सोबत दाव्याची प्रत असते. बेलीफाला (समन्स घेऊन येणारा कोर्टाचा कर्मचारी) परत पाठवू नका. नकार दिला तर तो समन्स दाराला चिकटवतो आणि बजावणी झाली असं कोर्ट धरू शकतं. कैफियतीला बजावणीपासून ३० दिवस मिळतात; सबळ कारण दाखवलं तर ९० पर्यंत. समन्सवर ‘आदेश ३७’ (झटपट निकालाचा दावा) असेल तर हजर व्हायलाच फक्त १० दिवस, तेव्हा त्याच दिवशी वकील गाठा.

खरं काम कैफियतीत आहे. ‘बिल खोटं आहे’ एवढं लिहून भागत नाही. दाव्यातला प्रत्येक परिच्छेद घेऊन मान्य की अमान्य, आणि अमान्य तर का, ते लिहायचं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. बिलाची फोड करा: मासिक भाडं, रोमिंग, विलंब शुल्क, व्याज, वळती न केलेली अनामत. ‘कनेक्शन बंद करण्याचा अर्ज अमुक तारखेला दिला, तक्रारीचा डॉकेट क्रमांक अमुक, त्यापुढचं भाडं अमान्य’ असं लिहिलेलं वाक्य टिकतं. काही रक्कम खरोखर देणं असेल तर ती कोर्टात जमा करून वादीला तशी नोटीस द्या. तेवढ्यावरचं पुढचं व्याज थांबतं.

मुदत तपासा. अशा वसुलीला साधारण ३ वर्षं असतात आणि मोजायचं ते दावा दाखल झाला त्या दिवसापर्यंत. इथेच बरेच जण फसतात: मुदत संपण्याआधी ‘दोन महिने द्या, भरतो’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर ३ वर्षं पुन्हा नव्याने सुरू होतात. वसुलीवाला घरी आला तर चहा पाजा, सही देऊ नका.

राहणं आणि कनेक्शन दोन्ही शिरपूरचं आणि दावा पुण्यात, असं असेल तर अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच कैफियतीत घ्या. नंतर ऐकत नाहीत. वादी वसुली एजन्सी असेल तर येणं तिच्या नावे केल्याचा दस्त मागा. कंपनीच्या संगणकातल्या बिलाच्या छापील प्रतीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (१ जुलै २०२४ पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब). ते नसेल तर कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडतानाच हरकत नोंदवा.

ईमेल, भरणा पावत्या, बँकेचा उतारा यादीसह कैफियतीसोबतच लावा. मागाहून लावायला परवानगी लागते. खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही) आणि प्रतिज्ञापत्र, एक प्रत वादीच्या वकिलाला, आणि त्याची पोच घ्याच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही. एकतर्फी हुकूमनामा (तुम्ही हजर नसताना दिलेला निकाल) आधीच झाला असेल तर तो रद्द करण्याच्या अर्जाला ३० दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.