प्रेशर स्विच बदलण्याआधी कॉम्प्रेसरचा ‘फुस्स’ नीट ऐका

घरच्या छोट्या एअर कॉम्प्रेसरने दगा दिला की नवशिक्याचा पहिला संशय प्रेशर स्विचवर जातो. आवाज तिथून येतो, वायरी तिथेच जातात आणि लाल बटणही तिथेच असते, त्यामुळे संशय साहजिक आहे. पण नवा स्विच बसवला आणि आठवड्याभरात तोही जळला, असे वारंवार होते. दोष दुसरीकडे असतो आणि मार स्विच खातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी हवा कधी सुटते आणि कुठून सुटते, हे कान देऊन ऐका. निम्मे निदान त्यातच होते.

खाली जे लिहिले आहे ते १ ते २ एचपीच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या, २४ ते ५० लिटर टाकीच्या पिस्टन कॉम्प्रेसरबद्दल आहे. स्प्रे पेंटिंग, टायरमध्ये हवा भरणे, सुतारकामातली नेलगन यांसाठी घरोघरी हाच असतो.

स्विचची कामे दोन. टाकीतला दाब ठरलेल्या वरच्या आकड्याला पोचला की मोटर बंद करायची आणि खालच्या आकड्याला उतरला की चालू करायची. वरचा तो कट-आउट, खालचा तो कट-इन. ८ बारच्या, म्हणजे साधारण ११६ पीएसआयच्या यंत्रात या दोन आकड्यांमध्ये बहुधा २ ते २.५ बारचे अंतर असते. दुसरे काम कमी लोकांच्या लक्षात येते. स्विचच्या कुशीला एक छोटा अनलोडर व्हॉल्व्ह असतो आणि त्याला बारीक नळी जोडलेली असते. मोटर थांबली की पंपाचे हेड आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवेला टाकीत जाऊ देणारा, उलटी येऊ न देणारा) यांच्यामधल्या पाइपात कोंडलेली हवा हा अनलोडर सोडून देतो. तोच तो ‘फुस्स’. ती हवा सुटली नाही तर पुढच्या वेळी पिस्टनला भरलेल्या दाबाविरुद्ध पहिला धक्का द्यावा लागतो, आणि सिंगल फेज मोटरला ते झेपत नाही. ती घुंऽऽ करत जागीच अडते.

आता आवाजाचा अर्थ. मोटर थांबताच एक-दोन सेकंद फुस्स होऊन शांत झाले, तर सगळे ठीक. मोटर थांबल्यावर तीच सूं-सूं संपता संपत नसेल आणि गेजचा काटा हळूहळू उतरत असेल, तर स्विच निर्दोष आहे. टाकीच्या तोंडावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही, म्हणून टाकीतली हवा उलटी येऊन अनलोडरमधून बाहेर पडते. मोटर चालू असताना अनलोडरमधून सतत हवा येत असेल तर अनलोडरची पिन किंवा रबर खराब आहे. हा मात्र स्विचचाच दोष. सुरुवातीचे काही क्षणच हवा सुटून थांबत असेल तर घाबरू नका, काही स्विचमध्ये मोटरला हलकी सुरुवात मिळावी म्हणून तशीच सोय असते. मोटर थांबली आणि फुस्स झालाच नाही, तर नळी तुंबली आहे किंवा अनलोडरची पिन दबत नाही. आणि स्विचच्या बुडातून, कव्हरच्या खालून हवा येत असेल तर आतला डायफ्राम, म्हणजे दाब झेलणारा पडदा, फाटला. असा स्विच दुरुस्त करत बसू नये, सरळ बदलावा.

नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर थोडे थांबतो, कारण नवे स्विच सगळ्यात जास्त इथेच बळी पडतात. तो गळत असला की हवा न वापरताही दाब उतरतो आणि मोटर पुन्हा पुन्हा सुरू होते. २ एचपीची मोटर चालताना साधारण ९-१० अँपिअर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट. प्रत्येक सुरुवातीला स्विचच्या पॉइंटवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांवर, ठिणगी उडते. तासाला चार वेळा उडणारी ठिणगी चाळीस वेळा उडू लागली की पॉइंट काळे पडतात, खड्डे पडतात आणि शेवटी चिकटतात. म्हणून स्विच काढण्यासाठी टाकी रिकामी केलीच आहे, तर हा व्हॉल्व्हही उघडून पाहा. आतल्या चकतीवर काजळी जमली असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. चकतीवर बैठकीची खोल गोल खूण उमटली असेल तर नवा घाला. पेट्रोलने धुऊ नका. हा भाग तापणाऱ्या हवेच्या वाटेत आहे, तिथे पेट्रोलची वाफ नको.

स्विचच गेला आहे याची खात्री मल्टिमीटरने करता येते. प्लग काढा, टाकी शून्यावर आणा, बटण ऑटोवर ठेवा आणि स्विचच्या प्रत्येक पॉइंटच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. जवळपास ० ओहम दिसले पाहिजेत. ओहम जास्त किंवा कमीजास्त होत असतील तर पॉइंट जळाले आहेत. पॉइंट ठीक असूनही मोटर घुंऽऽ करत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) आणि व्होल्टेज बघा. ३० मीटरच्या, १ चौरस मिलिमीटरच्या एक्स्टेंशन वायरीत जायची-यायची तार मिळून सुमारे १ ओहम रोध असतो. सुरुवातीच्या ५० अँपिअरला तिथेच ५० व्होल्ट गळतात. २३० चे १८० राहिले की मोटरचा सुरुवातीचा जोर साठ टक्क्यांवर येतो. गावाकडे व्होल्टेज मुळातच पडलेले असेल तर विचारायलाच नको. वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड ठेवा. हवेचा होस लांब चालेल, विजेची वायर नको.

उलट प्रकार जास्त धोक्याचा: दाब कट-आउटच्या वर गेला तरी मोटर थांबत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फडफडून हवा सोडू लागतो. पॉइंट चिकटले आहेत. भिंतीवरचे बटण ताबडतोब बंद करा आणि नवा स्विच बसेपर्यंत यंत्र वापरू नका. ‘तात्पुरता’ स्विच बायपास करून गेजकडे बघत काम करणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. मग टाकी आणि माणूस यांच्यात एका सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय काहीच उरत नाही.

दुकानात जाताना जुना स्विच सोबत न्या. जुळवायच्या गोष्टी या: दाबाची रेंज, मोटरचे अँपिअर, खालचे आटे, तोंडांची (हवेच्या जोडणीच्या भोकांची) संख्या आणि अनलोडरच्या नळीचा व्यास. खालचे आटे बहुधा पाव इंची, दुकानदाराच्या भाषेत दोन सूत. आपल्याकडे बीएसपी या ब्रिटिश मापाचे आटे चालतात, इंचाला १९. परदेशी यंत्रावर एनपीटी हे अमेरिकी मापाचे असू शकतात, इंचाला १८. दिसायला सारखे, पण एकात दुसरा फिरवला की दोन वेढ्यांनंतर अडतो. तो जोर लावून बसवला तर आटे कापले जातात आणि गळती कायमची मागे लागते. चार तोंडांचा स्विच असेल तर उरलेल्या तोंडांवर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर (बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणारा) बसतात. एकच तोंड असलेला आणला तर हे सगळे लटकवायचे कुठे हा प्रश्न पडेल. टाकीच्या पाटीवर कमाल दाब कोरलेला असतो. त्याहून जास्त कट-आउटचा स्विच फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. बटण ऑफ करा, मग प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. टाकीखालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा. चष्मा लावा, कारण गंजाचे पाणी जोरात उडते. काटा शून्यावर आला तरी गेज अडकलेले असू शकते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून आवाज येत नाही ना ते बघा आणि काम संपेपर्यंत ड्रेन उघडाच राहू द्या. कव्हर काढून वायरींचे दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. पुरवठ्याच्या वायरींना एका रंगाची टेप, मोटरच्या वायरींना दुसऱ्या रंगाची. हे दोन मिनिटांचे काम पुढचा अर्धा तास वाचवते.

वायरी सुटल्या की अनलोडरची नळी काढा. तिचा नट सोडवताना दुसऱ्या पान्याने अनलोडरचा षटकोन धरून ठेवा, नाहीतर अख्खे पितळी अंग फिरून मोडते. मग रेग्युलेटर, गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवा. ते न काढताच स्विच फिरवायला गेलात तर गेज टाकीवर किंवा पंपाच्या जाळीवर आपटेल. स्विचचे धातूचे बूड पान्यात धरून तो उलटा फिरवा, त्याच वेळी टाकीतला निपल, म्हणजे स्विच ज्यावर बसतो तो आट्यांचा छोटा पाइप, दुसऱ्या पान्याने घट्ट धरा. प्लॅस्टिकच्या अंगाला धरून पिळू नका.

स्विच निघाल्यावर निपलमधून उजेड दिसतो का बघा. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही टाकीत पाणी साचते, गंजाची पूड इथे येऊन बसते आणि स्विचला टाकीचा खरा दाब कळतच नाही. बारीक तारेने मोकळे करा. आट्यांवरची जुनी टेफ्लॉन टेप पूर्ण खरवडा. नवी टेप पहिला आटा मोकळा सोडून, आटा तुमच्याकडे तोंड करून असताना घड्याळाच्या दिशेने चार-पाच वेढे. टेपचा तुकडा आत गेला तर तो सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन अडकू शकतो. स्विच आधी हाताने तीन-चार वेढे फिरवा, मग पान्याने. तोंडे हव्या त्या दिशेला आली नाहीत तर पुढे फिरवून जुळवा. थोडासा मागे घेतला तरी टेपची पकड सुटते आणि तिथून गळते. मग काढून नवी टेप लावण्यावाचून इलाज नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड कुणाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येऊ देऊ नका आणि टाकी व त्याच्यामध्ये कुठलाही कॉक बसवू नका. नळी जुनीच असेल तर टोकाचे पाच मिलिमीटर कापून नवी पितळी रिंग घाला.

वायरींची सुरुवात अर्थिंगपासून. मग पुरवठ्याच्या दोन वायरी ‘लाइन’ लिहिलेल्या स्क्रूंना, मोटरच्या दोन ‘मोटर’ लिहिलेल्यांना. तारेची मोकळी टोके नकोत, लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा आणि प्रत्येक वायर ओढून बघा. सैल स्क्रू तापतो आणि नवा टर्मिनल वितळवतो. इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकाच पॉइंटच्या दोन टोकांना लावणे. पॉइंट जुळताच सरळ शॉर्ट होतो. म्हणून प्लग खोचण्याआधी, बटण ऑटोवर ठेवून प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांवर मीटर लावा: मोटरच्या वाइंडिंगचे काही ओहम दिसावेत, शून्य नव्हे. दोन्ही पिनांपासून अर्थिंगच्या पिनेपर्यंत मीटर काहीच दाखवू नये, आणि अर्थिंगच्या पिनेपासून टाकीच्या रंग खरवडलेल्या धातूपर्यंत जवळपास शून्य.

कव्हर लावा, ड्रेन आणि रेग्युलेटर बंद करा, यंत्र सुरू करून गेजजवळ उभे राहा. २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला सुमारे १९२ लिटर मोकळी हवा लागते; पंप खरोखर मिनिटाला १०० लिटर देत असेल तर दोन मिनिटे. पाटीवरचा लिटरचा आकडा बऱ्याचदा पिस्टनच्या आकारमानाचा असतो, त्यामुळे थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल. दुप्पट-तिप्पट लागला तर गळती शोधा. मोटर कुठल्या आकड्याला थांबते ते लिहून ठेवा. पाटीवरच्या कमाल दाबाला थांबली नाही तर वाट न बघता बंद करा. मग ड्रेन किंचित उघडून दाब उतरवा आणि मोटर पुन्हा कुठे सुरू होते ते लिहा. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. शेवटी भरलेली टाकी अर्धा तास तशीच ठेवा. काटा जवळपास जागेवर राहिला पाहिजे.

आकडे जुळत नसतील तर मोठ्या स्प्रिंगचा नट घट्ट केल्याने बहुतेक स्विचमध्ये कट-इन आणि कट-आउट दोन्ही वर जातात. छोटी स्प्रिंग असेल तर ती दोहोंतले अंतर बदलते. प्रत्येक वेळी प्लग काढून, अर्धाच वेढा फिरवा आणि कव्हर लावूनच पुन्हा तपासा. उघड्या स्विचमध्ये २३० व्होल्ट बोटापासून एका इंचावर असतात. बरेच नवे स्विच कारखान्यातून बरोबर लावून येतात, म्हणून मोजल्याशिवाय नटाला हात लावू नका.

वापरताना एक सवय लावून घ्या. कॉम्प्रेसर नेहमी लाल बटणाने बंद करा, प्लग उपटून नाही. प्लग काढला तर अनलोडर उघडतच नाही, हेडमध्ये हवा कोंडून राहते आणि पुढची सुरुवात भरल्या दाबाविरुद्ध होते. चालू मोटरवर लाईट गेली तरी हेच घडते. अशा वेळी लगेच बटण ऑफवर न्या, फुस्स ऐका, आणि लाईट आल्यावरच ऑटोवर परत या.