ईजीआर की एससीआर: नवा ट्रक ठरवण्याआधीची तयारी

डिझेल ट्रकच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आवरायच्या दोन पद्धती आहेत: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणं) आणि एससीआर (मागे धुरावर युरियाने प्रक्रिया करणं). नवा ट्रक यांतला कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी पहिलं काम धुराचं तापमान मोजणं. किंमत, अ‍ॅव्हरेज, पेलोड सगळेच बघतात. मागच्या खेपेला मीही तेवढंच बघितलं, आणि थांबत थांबत चालणाऱ्या कामावर लांब पल्ल्यासाठी बेतलेली गाडी येऊन पडली. म्हणून आत्ता त्या कामावर जी गाडी आहे तिला लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं यंत्र, लावा. नेहमीचा ड्रायव्हर, नेहमीचा मार्ग, आणि भरलेली, रिकामी अशा दोन्ही फेऱ्या. नुसती भरलेली फेरी मोजली तर आकडा छानच दिसणार. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असते तो वेळही धरा; नडतो तो तोच.

कारण असं. सिलिंडरमधली आग जितकी कडक, तितकी काजळी कमी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त. आग मवाळ केली की उलटं होतं. ईजीआर थंड केलेला धूर परत सिलिंडरमध्ये सोडून आग मवाळ करतं. ऑक्साइडं तिथल्या तिथे घटतात, पण वाढलेली काजळी डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, माथी बसते. एससीआर इंजिनला कडक जळू देतं आणि मागे धुरात युरियाचं द्रावण फवारतं. त्यातून अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकावर ऑक्साइडांचं नायट्रोजन आणि पाणी होतं. मात्र धूर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर युरिया नीट फुटत नाही, पांढरे खडे धरतात, म्हणून यंत्रणा फवारणीच आवरती घेते. डीपीएफमधली काजळी आपोआप जळायलाही धूर तापलेलाच लागतो, नाहीतर जादा डिझेल जाळून ती पेटवावी लागते, म्हणजेच रीजन करावं लागतं. कुठल्याही वाटेने जा, गाडी अडते ती तापमानापाशी. मोजलंत ना?

विक्रेत्याला नुसतं ‘दोन्हींतलं चांगलं कोणतं’ विचारू नका. तो वाद बराचसा निकालात निघालाय. अमेरिकेत २०१०च्या प्रदूषण नियमासाठी बहुतेकांनी एससीआर घेतलं, नॅव्हिस्टार या ट्रक कंपनीने फक्त ईजीआरवर भागवायचं ठरवलं आणि २०१२मध्ये तीही एससीआरकडे वळली. आज पुष्कळ गाड्यांत दोन्ही असतात, काहींनी ईजीआर काढूनच टाकलंय. तेव्हा विचारायचं ते असं: या मॉडेलमध्ये कशावर किती भिस्त आहे, आणि माझा हा तापमानाचा आलेख बघून तुम्ही काय सांगाल? आलेख न बघताच जो ‘चालेल’ म्हणतो, त्याचं ‘चालेल’ धरू नका.

डीईएफची, म्हणजे एससीआरला लागणाऱ्या त्या युरियाच्या द्रावणाची, सोय आधी करा. द्रावण ३२.५ टक्क्यांचं, आयएसओ २२२४१ प्रमाणातलं. शेतीचा युरिया पाण्यात कालवून भरायचा विचारही नको, त्यातल्या अशुद्धींनी उत्प्रेरक बाद होतो. द्रावण उणे ११ अंशांना गोठतं आणि उन्हात लवकर बिघडतं: ३५ अंशांत ठेवलं तर टिकतं जेमतेम सहा महिने. साठा सावलीत ठेवा आणि लागेल तेवढाच करा. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा असलेलं काहीही त्याला लागू देऊ नका. डीईएफच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर किल्ली फिरवायची नाही. टाकी उपसायची, मगच पुढचं. इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरीचा मेन स्विचही पाडायचा नाही. बऱ्याच गाड्यांत पंप तेव्हा नळ्यांतलं द्रावण टाकीत परत ओढत असतो. ड्रायव्हरला हे तोंडी सांगून भागत नाही, केबिनमध्ये चिकटवा.

डिझेल कमी गंधकाचंच. इंजिन ऑइल कमी राखेचं, कारण काजळी जळते पण राख जळत नाही. कितीही रीजन करा, शेवटी फिल्टर उतरवून साफ करावाच लागतो. तो कोण करतो आणि तोवर गाडी किती दिवस उभी राहील, हे खरेदीआधी लिहून घ्या. ईजीआरवर भिस्त असेल तर कूलंटची पातळी रोज बघा. बाहेर गळती नसताना ती उतरत असेल तर ईजीआर कूलरवर संशय घ्या.

राहिलेलं भराभर. बिघाड शोधणारं डायग्नोस्टिक टूल घ्या. नॉक्स सेन्सर (ऑक्साइडं मोजणारा) आणि डोसिंग इंजेक्टर (द्रावण फवारणारा) किती दिवसांत मिळतात ते विचारा. रीजनचा दिवा लागला की काय करायचं ते ड्रायव्हरकडून करून घ्या, आणि रीजन चालू असलेली गाडी सुक्या गवतावर उभी करू नका. वॉरंटीत डीपीएफ धरलाय का तेही वाचा. आणि लॉगर अजून लावला नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.