गिरणीतल्या आजोबांचा माग कसा काढावा

‘आजोबा मुंबईला गिरणीत होते.’ बऱ्याच घरांत माहिती इथेच संपते. कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठल्या चाळीत राहायचे, हे सांगणारी माणसं एकेक करून जाताहेत, म्हणून शोध आजच सुरू करा.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक पुठ्ठ्याचं कार्ड सापडलं. कडा तेलाने काळ्या पडलेल्या. त्यावर गिरणीचं नाव, खातं ‘त्रासन’, म्हणजे सूतकताईचं, आणि तिकीट नंबर. नाव मात्र फक्त त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं, आडनाव नाहीच. गिरणीत माणूस नावापेक्षा तिकीट नंबराने ओळखला जायचा, त्यामुळे हा नंबर मिळाला की अर्धं काम झालं. ओळखपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा किंवा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक, ग्रॅच्युइटीचा हिशोब, जे हाती येईल त्याचा फोटो काढून ठेवा. घरात कुणी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज केला असेल, तर ती फाइल आधी मागा. त्या अर्जासाठी यातले बरेच कागद कुणीतरी खपून गोळा केलेले असतात.

मग म्हाताऱ्या माणसांकडे बसा. ‘कुठल्या साली लागले?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘भोंगा कुठल्या गिरणीचा ऐकू यायचा? जेवण कुठल्या खानावळीत होतं? संपात गावी गेलात की इथेच राहिलात?’ असं विचारा. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप प्रत्येक घराला आठवतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं आयुष्य लोक आपोआप वेगळं करून सांगतात. बाईमाणसांना जरूर विचारा. कांडी खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर बायकाही होत्या, आणि खानावळी तर त्यांनीच चालवल्या. लग्नाआधीचं नाव न विसरता लिहून घ्या, नाहीतर पुढे आजीचा माग लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजोबांना थेट शोधू नका, त्यांच्या मुलांना शोधा. कामगाराच्या स्वतःच्या नावाचा कागद विरळा, पण मुलाच्या जन्माच्या नोंदीत बाप सापडतो. मुंबईतले जन्म-मृत्यू महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदलेले असतात. परळ-लालबागचं कुटुंब असेल तर बाळंतपण वाडियाला किंवा केईएमला झालं का, ते विचारून घ्या. साल नक्की नसेल तर मागची-पुढची दोन-दोन वर्षं शोधायला सांगा. नोंदीत बाळाचं नाव नसेल, नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असेल, म्हणून आई-बापाच्या नावावरूनच शोध घ्यायचा.

त्यानंतर महापालिकेची शाळा. तिथल्या जनरल रजिस्टरात जन्मगाव असतं, आणि शाळा सोडल्याचं कारणही. माझ्या आत्याच्या नावापुढे जून 1982 ची तारीख आणि ‘गावी गेल्यामुळे’ एवढे दोनच शब्द आहेत. संपाने आमच्या घराचं काय केलं, ते मला त्या दोन शब्दांत जितकं कळलं तितकं कुठल्याच लेखात कळलं नव्हतं. एक सावधगिरी मात्र हवी. शाळेतली जन्मतारीख 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

पत्ता मिळाला की खोलीकडे वळा. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी सरकारी, त्यामुळे त्यांची भाडेकरूंची कागदपत्रं सरकारकडे. प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळी पुढे महापालिकेकडे आल्या. खाजगी चाळ असेल तर पागडीच्या भाडेपावत्या शोधा. पावती आजोबांच्याच नावाची असेल असं नाही. एका खोलीत गावकीचे पंधरा-वीस जण राहायचे आणि नाव एकाचंच लागायचं. म्हणून जुनी मतदारयादी बघताना त्या खोलीतली सगळी नावं उतरवून घ्या. वेगळ्या आडनावाचे पण एकाच गावचे लोक निघतात, आणि त्यांच्या नातवंडांकडे तुमच्या आजोबांचे फोटो असू शकतात. रस्त्यांची नावं बदललीत, हेही ध्यानात असू द्या. डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग आहे, आर्थर रोड साने गुरुजी मार्ग, फर्ग्युसन रोड गणपतराव कदम मार्ग.

गिरणीच्या दफ्तरासाठी तिकीट नंबर हाताशी हवाच. सरकारने ताब्यात घेतलेल्या गिरण्यांचं दफ्तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलं, तिथे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. परळच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघातही चौकशी करा. गिरण्यांचीही नावं बदलली. जेकब सासून गिरणी पुढे इंडिया युनायटेड नंबर एक झाली. रुजू झाल्याची तारीख पाहून फसू नका. कित्येकांनी आधी बरीच वर्षं बदली कामगार म्हणून, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल या आशेने दारात उभं राहून काढली, तिकीट नंतर मिळालं.

शेवटी गाव. जिल्ह्याचं नाव जपून वाचा. सिंधुदुर्ग 1981 मध्ये झाला, त्याआधी मालवण-कणकवलीचा माणूस ‘रत्नागिरी’च लिहायचा. 1949 ते 1960 या काळात सांगलीकडचा माणूस ‘दक्षिण सातारा’ लिहायचा. तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी बघा, वारसनोंदीत सगळी भावंडं एका ओळीत मिळतात. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. कागद मोडी लिपीत असेल तर वाचणारा जाणकार गाठा.

आमच्या वडिलांचा जन्म मुंबईत कुठेच नोंदलेला नव्हता. शेवटी गिरणीतून रजेच्या रजिस्टरची एक झेरॉक्स मिळाली. आजोबांची रजा दरवर्षी शिमग्याला. फक्त 1961 साली ती नोव्हेंबरात, बारा दिवसांची. त्या तारखा घेऊन मी गावी गेलो आणि कोतवाल बुकात नोव्हेंबरचं पान काढायला लावलं. पाचवी ओळ आमची होती. दाखल्यावर 1 जून असलेल्या वडिलांचा वाढदिवस आता आम्ही 9 नोव्हेंबरला करतो.