मेडिकलच्या काउंटरमागचं पहिलं वर्ष

दर जूनमध्ये आमच्या ओळखीतलं कुणीतरी मुलाला किंवा मुलीला घेऊन दुकानात येतं. “ताई, बारावी झालीय, मेडिकलमध्ये कामाला लागावं म्हणते. काय काय शिकावं लागेल?” मी स्वतः २०११ मध्ये मिरजेत एका मेडिकलला हेल्पर म्हणून लागले. पुढे डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) केलं आणि आता माझं स्वतःचं दुकान आहे. तेव्हा मला कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे वाटतं ते इथे लिहिते.

कायद्याचं आधी समजून घ्या. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ सालचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार त्यानुसार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. असिस्टंटने माल लावायचा, चिठ्ठी वाचून औषधं काढायची, बिल करायचं. औषध पेशंटच्या हातात जाण्याआधी फार्मासिस्टने ते डोळ्यांखालून घातलंच पाहिजे. काही दुकानांत फार्मासिस्टचं नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर लटकतं आणि काउंटर सगळा पोरांवर सोडलेला असतो. अशा ठिकाणी पगार चार पैसे जास्त मिळत असला तरी लागू नका. तिथे तुम्हाला चूक दाखवणारं कुणी नसतं आणि चुकीचा भार तुमच्या डोक्यावर येतो.

पहिला महिना रॅकचा. प्रत्येक दुकानाची मांडणी वेगळी असते, कुठे कंपनीप्रमाणे, कुठे अक्षरांप्रमाणे. गोळ्या, सिरप, मलमं, डोळ्यांचे ड्रॉप्स यांचे कप्पे वेगळे असतात. स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, माल आला की बिलाशी बॅच नंबर, एक्स्पायरी आणि नग ताडून घ्यायचे. ज्याची एक्स्पायरी आधी, तो माल पुढे, नवा मागे. हे कंटाळवाणं वाटेल, पण नावं याच कामात पाठ होतात. मी एक वही केली होती. डाव्या बाजूला ब्रँडचं नाव, उजवीकडे आतला कंटेंट (म्हणजे मूळ औषध) आणि पॉवर (किती मिलिग्रॅम ते), खाली ते कशासाठी देतात. रोज दहा औषधं लिहायची. चार महिन्यांत दुकानातलं नेहमीचं बहुतेक सगळं वहीत आलं होतं.

कंटेंटवर माझा एवढा भर का, तर ब्रँड शेकड्यांनी आहेत आणि नावं एकमेकांत मिसळतात. कंटेंटसुद्धा फसवतात. मेटफॉर्मिन मधुमेहाची गोळी, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाची. घाईत लिहिलेल्या अक्षरात दोघांची सुरुवात एकसारखीच दिसते. अशा वेळी बाकीची चिठ्ठी वाचा. सोबत साखरेची दुसरी गोळी आहे की जुलाब थांबवायची? तरीही शंका राहिली तर फार्मासिस्टला दाखवा, तेही अडले तर दवाखान्यात फोन लावतील. अंदाजाने औषध काढायचं नाही.

चिठ्ठीवरच्या खुणा आठवडाभरात येतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडेल तेव्हाच, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. १-०-१ तर सगळ्यांनाच कळतं. एका गोळीचं मात्र पक्कं लक्षात ठेवा, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. ती कधी काढलीत तर फार्मासिस्टला सांगून पाकिटावर वार लिहून घ्या.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट. कामाला लागून तिसरा महिना होता. संध्याकाळची गर्दी. एका बाईंच्या कडेवर तापाने फणफणलेलं दीड वर्षाचं पोर. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल सिरप, ५ मिली. मी त्याच ब्रँडचे ड्रॉप्स काढून बिलाला ठेवले. डबी तशीच, रंग तोच. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर चिठ्ठीवरच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे त्या आईने चिठ्ठीप्रमाणे ५ मिली पाजलं असतं तर १२५ च्या जागी ५०० मिलिग्रॅम त्या पोराच्या पोटात गेलं असतं, चौपट. आमच्या फार्मासिस्टनी बाटली हातात घेतली, फिरवून लेबल मला दाखवलं आणि म्हणाले, “वाच.” मी मोठ्याने वाचलं. ते ओरडले नाहीत. त्या दिवसापासून मी प्रत्येक औषध तीनदा वाचते: रॅकवरून काढताना, काउंटरवर ठेवताना, देताना. लहान मुलांच्या औषधाला वय आणि वजन विचारल्याशिवाय आजही पुढे जात नाही.

मुलांच्याच औषधातलं आणखी एक. अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, म्हणजे बाटलीत पावडर असते ते, लोक घरी नेऊन चुकीचं कालवतात. त्यामुळे ते करून दाखवायला शिका. आधी बाटली उलटीसुलटी करून, तळाशी बसलेली पावडर आपटून सुटी करायची. उकळून थंड केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालीपर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस येतो. तो बसेपर्यंत थांबायचं, मग पातळी खाली गेलेली दिसते. आता पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून हलवायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात, फेसालाच पातळी समजून पाणी कमी घालतात आणि औषध जाड होतं. कालवल्याची तारीख पेनने लेबलवर लिहायची. किती दिवस टिकतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का, ते लेबलवर असतं, ते वाचून सांगायचं.

सुट्या गोळ्या देताना स्ट्रिप कापायची ती बॅच आणि एक्स्पायरी छापलेल्या टोकाच्या उलट्या बाजूने. छापलेला भाग शेवटपर्यंत उरला पाहिजे. नाहीतर उरलेल्या चार गोळ्या कधीच्या, हे कुणालाच सांगता येत नाही.

काही औषधांचं वेगळं रजिस्टर असतं. शेड्यूल एच-१, म्हणजे अशा औषधांची कायद्यातली यादी, मार्च २०१४ पासून लागू झालं, मी कामाला लागल्यावर. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल त्यात येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. “अहो, मागच्या वेळी तुम्हीच दिली होती झोपेची गोळी” म्हणत ओळखीचा माणूस उभा राहतो, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. नाहीच म्हणा. आवाज न चढवता म्हणा आणि डॉक्टरांकडे जायला सांगा.

फ्रिजची जबाबदारी बहुधा नव्या पोराकडेच येते. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. इन्सुलिन फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला चिकटून कधीच ठेवायचं नाही, एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. खेड्यातून आलेल्या पेशंटला बर्फाच्या पिशवीसोबत देताना मध्ये कागदाचा जाड थर ठेवा. फ्रिजमध्ये डबा किंवा पाण्याची बाटली ठेवायची सवय दुकानात असेल तर ती मोडा. दार सारखं उघडलं की तापमान ढळतं.

बोलण्याचं शिक्षण कोणी देत नाही. मिरजेला सीमेपलीकडून खूप पेशंट येतात, त्यामुळे मी थोडं कानडी शिकले. ‘ऊटक्के मुंचे’ जेवणाआधी, ‘ऊट आद मेले’ जेवणानंतर. एवढ्या दोन वाक्यांनी म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा सैलावतो ते बघावं. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या. आणि शेवटी त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, “आजी, ही गोळी कधी घ्याल, सांगा बघू.” मान हलवली म्हणजे कळलं असं धरून चालू नका.

आता पुढचं. ‘फार्मसी असिस्टंट’ नावाचे छोटे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, काम मिळायला ते उपयोगी पडतात, पण त्यांवर फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. नोंदणीसाठी किमान डी. फार्म. लागतं. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायोलॉजी किंवा गणित. कोर्स दोन वर्षांचा आणि त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. नोंदणीआधीच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये आले, ते प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारून घ्या. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, हेही फी भरण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

काम करता करता कॉलेज होईल का, हा प्रश्न नेहमी येतो. हजेरी लागते, त्यामुळे दिवसभराची नोकरी जमत नाही. मी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी सहा ते दहा दुकान असं केलं. मालकांशी हे आधीच स्पष्ट बोलून घेतलं होतं. वर्गात फार्माकॉलॉजीचा धडा सुरू झाला की संध्याकाळी तीच औषधं रॅकवर शोधायची आणि माझ्या जुन्या वहीत त्यांच्यापुढे एक नवा रकाना भरायचा: हे औषध शरीरात नेमकं करतं काय. ती वही अजून माझ्या काउंटरच्या खणात आहे. नवीन मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला तीच चाळायला देते.