पावसाळ्यात एल्मोची लव रेखाटताना

कोकणातल्या पावसाळी हवेत कागद दमट राहतो आणि ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या एल्मो या लाल, केसाळ बाहुलीची लव रंगवताना पसरून नुसता लाल डाग होतो.

३०० जीएसएमचा जाड कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवा. लाल जलरंगाचा एकच पातळ हात द्या, हेअर ड्रायर वीतभर लांब धरून वाळवा. मग हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर तो अजून ओला आहे, थांबा.

लव मात्र पेन्सिलनेच, ब्रशने नाही. गडद लाल रंगीत पेन्सिलला बारीक टोक करून केशरी नाकापासून बाहेर फटकारे मारा: नाकाजवळ आखूड, कडेला लांब. बाह्यरेषा काढूच नका. सलग रेषेने बाहुली प्लॅस्टिकची वाटते.

पेन्सिलीनंतर ड्रायर लावू नका, रंगीत पेन्सिलीतले मेण मऊ होऊन फटकारे एकमेकांत मिसळतात.