खजिनदार व्हायला ‘हो’ म्हणण्याआधी: छोट्या एपिस्कोपल चर्चमधली सहा वर्षं

माझं लहानपण पुण्याच्या पंचहौद चर्चच्या आवारात गेलं. नोकरीमुळे पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात आलो, तेव्हा रविवारी कुठं जायचं याचा फार विचार करावा लागला नाही. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं सांगणाऱ्या चर्चच्या जागतिक परिवारात आहे, आणि इथलं एपिस्कोपल चर्चही त्याच घरातलं. प्रार्थनापुस्तकाची वळणं ओळखीची निघाली. दीड वर्षात वेस्ट्रीवर, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळावर निवडून आलो. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, “तुम्ही हिशेबाचं काम करता ना?” मी हो म्हणालो आणि खजिनदार झालो.

वेस्ट्री म्हणजे साधारण आपल्याकडच्या चर्चची पास्टरेट कमिटी, पण अधिकार जास्त. पैसा आणि इमारत तिच्या हातात, मुख्य पाळक म्हणजे रेक्टर निवडायचा तोही तिनेच. बिशपला विचारून, अर्थात. सीनियर वॉर्डन पाळकाचा उजवा हात. ज्युनियर वॉर्डनच्या वाट्याला छत, बॉयलर आणि तुंबलेलं गटार. पगार कुणालाच नाही. आमच्याकडे रविवारी चाळीस-पंचेचाळीस माणसं येतात, पाळकबाई अर्धवेळ, ऑर्गन वाजवणारे गृहस्थ तासांवर. एवढ्याशा संसाराला कागद मात्र मोठ्या चर्चइतकेच लागतात.

माझ्या आधीच्या खजिनदार आजींनी बावीस वर्षं काम केलं होतं. त्यांनी मला एक बुटांचा खोका आणि चाव्यांचा जुडगा दिला. खोक्यात बँकेची पत्रकं, विम्याची पॉलिसी, ‘ऑक्टोबरात बॉयलरवाल्याला बोलवणे’ अशी चिठ्ठी. बाकी सगळं त्यांच्या डोक्यात. तुम्हीही नवे असाल तर पहिल्या महिन्यात हिशेबाला हात लावू नका. अशा आजींकडे जा, चहा प्या आणि वही काढून लिहून घ्या: कुठला पैसा कशासाठी दिलेला आहे, कुठल्या देणगीवर अट आहे, कोण कुणाशी बोलत नाही. १९५८ साली फक्त खिडक्यांच्या काचांसाठी दिलेला निधी बॉयलरला वापरता येत नाही, हे मला त्या चहावरच कळलं.

दर रविवारचं काम म्हणजे दानाची मोजणी. दोघांनी मिळून मोजायची, आणि ते दोघं नवरा-बायको नकोत. आम्ही सॅक्रिस्टीच्या, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीच्या, मागच्या टेबलावर बसतो. आधी पाकिटं फोडायची, पाकिटावर नंबर असतो, तो आणि रक्कम कागदावर. मग सुटे पैसे. एक आजोबा दर आठवड्याला वीस डॉलरची नोट इतकी बारीक घडी घालून टाकतात की ती उलगडायला सुरी लागते. शेवटी दोघांच्या सह्या, पिशवी बंद, त्याच दिवशी बँकेत. “आमच्यावर विश्वास नाही का?” असं कुणी ना कुणी विचारतंच. मी सांगतो, उद्या पन्नास डॉलर कमी आले तर तुमच्याकडे बोट जाऊ नये म्हणून ही दुसरी सही.

महिन्यातल्या एका रविवारचं सुटं दान पाळकाच्या स्वेच्छानिधीत जातं. कॅननमध्येच, म्हणजे चर्चच्या कायद्यातच, तशी तरतूद आहे. त्यातून कुणाचं वीजबिल भरलं, कुणाला औषधाला दिले, हे पाळकबाई मला नावानिशी सांगत नाहीत, मीही विचारत नाही. खातं मात्र चर्चच्याच नावावर असतं आणि वार्षिक ऑडिटमध्ये येतं.

आता माझी चूक. अमेरिकेत पाळकाच्या मानधनाचा काही भाग ‘हाऊसिंग अलाउन्स’ म्हणून बाजूला काढता येतो आणि घरखर्चाच्या मर्यादेत त्यावर आयकर लागत नाही. अट एकच: वेस्ट्रीने आधी ठराव करायला हवा. माझ्या पहिल्या डिसेंबरात नाताळच्या धांदलीत बैठक रद्द झाली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ठराव मांडला, तर पाळकबाई शांतपणे म्हणाल्या, “या महिन्याचा चेक तर मला मिळालाय.” मागच्या तारखेने ठराव चालत नाही. त्या महिन्याच्या करसवलतीवर पाणी सोडावं लागलं, तेही मोजून-मापून जगणाऱ्या माणसाला. तेव्हापासून हा ठराव मी नोव्हेंबरातच करून घेतो आणि ‘पुढचा ठराव होईपर्यंत लागू’ असं वाक्य त्यात घालतो.

पगाराचं सॉफ्टवेअरही फसवतं. आयकरासाठी पाळक नोकर असतो, पण सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या करासाठी, स्वयंरोजगारी. म्हणजे ऑर्गनवाल्याच्या पगारातून ती कपात करायची, पाळकाच्या नाही. पाळकाच्या पेन्शनसाठी मानधनाच्या १८ टक्के चर्च पेन्शन फंडाला वेगळे, तेही चर्चने भरायचे. अंदाजपत्रक करताना नवे लोक नेमके हेच विसरतात आणि मार्चमध्ये डोक्याला हात लावतात.

बाकी वर्ष तारखांवर चालतं. शरद ऋतूत प्लेज, म्हणजे पुढच्या वर्षी किती देणार याची कार्डं. जानेवारीत सभासदांची वार्षिक सभा, देणगीदारांची पत्रं, पगाराचे फॉर्म. १ मार्चपर्यंत पॅरोकियल रिपोर्ट, म्हणजे चर्चचा वार्षिक अहवाल. त्यात रविवारची सरासरी हजेरी द्यावी लागते, म्हणून प्रत्येक उपासनेनंतर नोंदवहीत डोकी लिहायची. आमचा अशर, म्हणजे दाराशी लोकांना बसवणारा स्वयंसेवक, प्रवचन चालू असताना मोजतो. गायकवृंद धरायचा की नाही यावर एकदा वाद झाला होता. धरायचा. १ सप्टेंबरपर्यंत ऑडिट डायसिसकडे, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या कचेरीकडे.

इमारतीबद्दल एकच सांगतो. छतासाठी चर्च गहाण टाकून कर्ज काढू, असं बैठकीत कुणी उत्साहाने म्हणालं तर थांबवा. १९७९ च्या डेनिस कॅननपासून स्पष्टच लिहिलेलं आहे की वास्तू डायसिस आणि एपिस्कोपल चर्च यांच्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची असते. बिशप आणि डायसिसच्या स्टँडिंग कमिटीच्या संमतीशिवाय ती गहाण पडत नाही की विकली जात नाही.

ऑल्टर गिल्डच्या, म्हणजे वेदीची तयारी करणाऱ्या मंडळाच्या, कामात खजिनदाराने नाक खुपसू नये, बिलं भरावीत. त्या बायका प्रभुभोजनाचा प्याला ज्या कुंडीत धुतात तिचं पाणी पवित्र मानलं जातं, म्हणून ते गटारात न जाता थेट मातीत जातं. एका प्लंबरने ‘दुरुस्ती’ म्हणून ती नळी गटाराला जोडायला घेतली होती, तेव्हा एरवी आवाज न चढवणाऱ्या बाईंचा आवाज मी पार्किंगपर्यंत ऐकला.

उपासनेनंतरच्या कॉफीचा खर्च मात्र कुणी कापायला निघालं तर मी विरोध करतो. पंचहौदच्या मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानड्यांनी घेतलेल्या चहावरून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं, हे मी इथल्या लोकांना सांगतो. त्यांना ते खरं वाटत नाही. पण नवा माणूस आमच्याकडे टिकला तो त्या कपाच्या वेळी कुणीतरी नाव विचारलं म्हणून. मीही तसाच टिकलो.

आणि हो, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, झावळ्या लेंट हा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागायच्या आत मागवा. उरलेल्या फेकू नका, पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी कपाळावर लावायच्या राखेसाठी त्याच जाळायच्या असतात. जाळायच्या तर पार्किंगमध्ये. सॅक्रिस्टीत जाळल्या की धुराचा अलार्म वाजतो आणि अग्निशमनदलाची गाडी येते. आमच्याकडे आली होती. त्या जवानांतल्या दोघांनी राख लावून घेतली आणि मग गेले.