पॅरिसची पहिली फेरी : आधी वार ठरवा, मग तारीख

पहिल्यांदा युरोपला जायचं आणि हाताशी सात-आठ दिवसच असतील, तर एकच शहर धरा. दहा दिवसांत सहा देशांच्या टूरमध्ये निम्मा वेळ बसमध्ये जातो. पॅरिसमध्ये चार रात्री राहिलात तर शहर पायाखाली येतं. पण या चार दिवसांची मांडणी तारखेपासून नको, वारापासून करा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. मेट्रोचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो, मधल्या दिवशी घेतला तरी रविवारी रात्री संपतो आणि त्या आठवड्यासाठी तो गुरुवारपर्यंतच मिळतो. या सगळ्याचा मेळ घातला की उत्तर एकच निघतं: मंगळवारी सकाळी उतरा, शनिवारी निघा.

बेळगावहून हे जमतं. मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण ५०० किलोमीटरवर आहेत आणि दोन्हीकडून पॅरिसला थेट विमान आहे. बंगळूर धरलं तर रविवारी संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सोमवारी सकाळी बंगळूर आणि त्या रात्रीचं विमान. सोमवारचा दिवस मोकळा ठेवा, तो वाया जात नाही. रेल्वे उशिरा आली किंवा देवनहळ्ळीच्या विमानतळाच्या रस्त्यावर गर्दी लागली तर हाच दिवस तुम्हाला वाचवतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणार असाल तरीही पुढच्या विमानाच्या आदल्या दिवशीचं तिकीट घ्या. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान रद्द झालं म्हणून दुसरी कंपनी पैसे परत देत नाही.

आता व्हिसा. फेरी फसते ती बहुतेक इथेच. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निकालाला एरवी १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंतही ताणू शकतो. म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५ युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात निघण्याचा व परतण्याचा असे दोन्ही दिवस धरलेले हवेत. विमा एक दिवस कमी पडला की अर्ज अडतो.

आपल्या भागात कागदपत्रांचा एक खास गुंता असतो. उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत, आणि प्रत्येक कागदावर आडनावाचं स्पेलिंग निराळं. कन्नड-मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. नाव, जन्मगाव सगळं पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न बदलता अर्जात भरा. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे पुष्कळांच्या पासपोर्टवर अजून जुनं स्पेलिंग आहे. ते तसंच चालतं. अर्जात मात्र स्वतःहून नवं लिहू नका. विमानाचं तिकीट आणि विमाही त्याच नावाने.

नोकरदारांचं सोपं असतं: पगारपत्रकं, रजेचं पत्र, आयकर विवरण, बँकेची नोंद. शेतकऱ्यांना जास्त मेहनत घ्यावी लागते, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि पैसा वर्षातून दोन-तीनदाच, पण एकदम येतो. खात्यावर अचानक चार लाख जमा दिसले की अधिकाऱ्याला ते उसने आणल्यासारखे वाटतात. म्हणून त्या जमेसोबत कारखान्याचं उसाचं बिल किंवा तंबाखू विक्रीची पावती लावा, उतारा जोडा, आणि पैसा कधी, कशाचा येतो हे अर्जासोबतच्या पत्रात चार ओळींत लिहा. बँकेच्या नोंदीवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. कोणी एजंट ‘खातं फुगवून देतो’ म्हणाला तर त्याच्या दारातूनच परत फिरा. खोटा कागद सापडला तर पुढच्या अर्जांवरही त्याचा डाग राहतो.

राहायची जागा निवडताना पत्त्याचा पिन कोड वाचायला शिका. पॅरिसचे २० विभाग मधून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर वळत जातात, आणि कोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग. ७५००५ म्हणजे पाचवा. कोड ७५ ने सुरू होत नसेल तर ते हॉटेल पॅरिसच्या हद्दीबाहेरचं, भाडं कितीही कमी दिसो. आमची पसंती दाँफेर-रोशेरो स्टेशनच्या आसपास, चौदाव्या विभागात. विमानतळावरून येणारी ‘आरईआर बी’ रेल्वे तिथे थेट येते, आणि तिथून मेट्रोची ६ नंबरची लाईन आयफेल टॉवरकडे जाते. ही गाडी बीर-हाकेम आणि पासी या स्टेशनांच्या मध्ये पुलावरून सीन नदी ओलांडते तेव्हा खिडकीतून अख्खा टॉवर दिसतो.

शार्ल द गोल विमानतळावर उतरल्यावर लगेच काही ठरवू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांग लांबू शकते. बाहेर आलात की रेल्वे स्टेशनच्या खिडकीवर ‘नाव्हिगो देकुव्हर्त’ कार्ड मागा. त्यावर २५ बाय ३० मिलिमीटरचा फोटो चिकटवावा लागतो, तो बेळगावातूनच कापून न्या. २०२५ च्या दराने कार्ड ५ युरो आणि आठवड्याचा पास ३१.६० युरो. त्याच वर्षीच्या दराने सुटी तिकिटं घेतली तर विमानतळाचं जाणं-येणंच २६ युरो आणि मेट्रोची प्रत्येक फेरी २.५० युरो. रोज तीन फेऱ्या धरल्या तरी पासच स्वस्त पडतो. दर जानेवारीत वाढतात, तेवढं पाहून घ्या. पास प्रत्येकाचा वेगळा. नवरा-बायकोत एकच कार्ड फिरवलं आणि तपासनिसाने पकडलं तर जागेवर दंड.

मेट्रोत दिशा ओळखायची ती शेवटच्या स्टेशनच्या नावावरून. लाईन १ वर एका बाजूला ‘ला देफाँस’, दुसऱ्या बाजूला ‘शातो द व्हॅंसेन’ लिहिलेलं असतं. फलाटावर उतरण्याआधीच ते वाचा. जुन्या गाड्यांचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत. कडी वर उचलावी लागते किंवा बटण दाबावं लागतं, नाहीतर दार बंदच राहतं आणि गाडी निघून जाते. आई-वडील सोबत असतील आणि गुडघे दुखत असतील तर मेट्रोऐवजी बस धरा. बऱ्याच मेट्रो स्टेशनांत लिफ्ट नाही, नुसत्या पायऱ्या. पासवर बसही चालते.

मंगळवारी फक्त फिरा: नदीकाठ, नोत्र-दाम. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर हे कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत, वेळ आधी ऑनलाईन राखून ठेवता येते, तीही फुकट. आत जाण्याचं तिकीट कोणी विकत असेल तर तो फसवतोय.

बुधवारी लूव्र. बुधवार आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, तेव्हा सकाळच्या गर्दीऐवजी संध्याकाळी ५ नंतरची वेळ घ्या. युरोपबाहेरच्या पाहुण्यांना २०२६ पासून तिकीट ३२ युरो आहे. ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. सगळं बघायचा हट्ट धरू नका, तीन तास पुरे. मोनालिसाचं चित्र अवघं ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, काचेआड, समोर माणसांची भिंत. तिथे दहा मिनिटं द्या आणि जिन्यावरच्या पंख असलेल्या विजयादेवीपुढे वीस मिनिटं थांबा. दगडातून कोरलेलं वस्त्र वाऱ्याने अंगाला चिकटलंय असंच वाटतं.

गुरुवारी ओर्से, ते त्या दिवशी रात्री पावणेदहापर्यंत असतं. शुक्रवारी आयफेल. लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ६० दिवस आधी खुली होतात आणि अगदी वरच्या टोकाची भराभर संपतात. नाही मिळाली तर ६७४ पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत जाता येतं. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो, ते समोरच्या त्रोकादेरोवरून फुकट दिसतं. जूनमध्ये दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे धरूनच जेवणाची वेळ ठरवा. व्हर्साय या फेरीत सोडा, त्याला आख्खा दिवस लागतो.

खाण्याचं म्हणाल तर आधी सामानाचं बघा. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे बेळगावचा कुंदा, पेढे, तूप घरीच ठेवायचं. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर डबा सरळ कचऱ्यात जातो. ताजा कढीपत्ता, आंबेही नकोत. चकली, भडंग, शेंगदाण्याची चटणी, तेलावरची दशमी चालते. तिथे शाकाहारी माणसाने ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगावं. नुसतं शाकाहारी म्हटलं तरी सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात. गोड क्रेपमध्ये (पातळ धिरड्यात) अंडं असतंच. ‘बागेत’ नावाचा लांबडा पाव मात्र पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढ्यावरच होतो. दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणा. न म्हणता थेट मागणं तिथे उद्धटपणा समजतात. हॉटेलात ‘काराफ द’ओ’ मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं. भाताची आठवण आलीच तर ला शापेल स्टेशनकडे जा. तिथे तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसा मिळतो, आणि जवळच गणपतीचं मंदिर आहे.

पाकीटमार लाईन १ वर आणि टेकडीवरच्या सॅक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर जास्त. मनगटाला दोरा बांधायला कोणी पुढे आला, कागदावर सही मागितली, तर हात खिशात ठेवून चालत राहा. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या बॅगेत आणि एक फोनमध्ये असू द्या. संकटात ११२ फिरवा.

परतीच्या शनिवारी एक लक्ष ठेवा: सुट्टीच्या दिवसांत आरईआर बी वर दुरुस्तीची कामं निघतात. आदल्या रात्री हॉटेलात विचारून घ्या. गाडी बंद असेल तर विमानतळाच्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, २०२५ च्या दराने नदीच्या उत्तरेकडून ५६ युरो, दक्षिणेकडून ६५. रेल्वेने गेलात तर विमानतळाची दोन स्टेशनं आहेत, एक टर्मिनल १ व ३ चं, दुसरं टर्मिनल २ चं. तिकिटावरचं टर्मिनल गाडीत बसण्याआधी वाचा आणि विमानाच्या तीन तास आधी पोचा.